रक्तातला टीएमएओ आणि काल रात्रीचं जेवण

नमस्कार. आतड्यातल्या जंतूंशी संबंधित बऱ्याच पदार्थांच्या रक्तचाचण्या आता होऊ लागल्या आहेत. आज मी त्यांतल्या एकाबद्दलच बोलणार आहे. ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड, म्हणजे टीएमएओ.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनली हेझन यांच्या गटाने ज्यांना पुढे हृदयविकार किंवा पक्षाघात झाला अशा रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात जास्त आढळणारे पदार्थ शोधताना त्यांच्या हाती टीएमएओ लागला. अंड्याच्या बलकात आणि मांसात कोलीन नावाचं पोषकद्रव्य असतं, मटणासारख्या लाल मांसात कार्निटिन हे दुसरं द्रव्यही भरपूर असतं. आतड्यातले काही जंतू या दोन्हींपासून ट्रायमिथाइलअमाइन हा वायू तयार करतात. तो रक्तातून यकृतात जातो, तिथे एफएमओ३ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं टीएमएओ करतं आणि शेवटी मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. ज्यांच्यात हे विकर जन्मतःच नीट काम करत नाही, त्यांच्या घामाला कुजक्या मासळीचा वास येतो. बिचाऱ्यांना त्याचा फार मनस्ताप होतो.

हे काम जंतूंचंच आहे, याचा पुरावा मला फार सुंदर वाटतो. निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी खायला दिली, सोबत जड हायड्रोजनची खूण केलेलं लेसिथिन, म्हणजे कोलीन असलेला स्निग्ध पदार्थ, दिलं. रक्तात खूण असलेला टीएमएओ दिसला. मग आठवडाभर प्रतिजैविकं देऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो जवळजवळ दिसेनासा झाला. औषधं थांबवून महिना उलटल्यावर तो परत आला. याच शोधनिबंधात, २०१३ साली, अँजिओग्राफीसाठी आलेल्या ४,००७ जणांचा तीन वर्षांचा पाठपुरावाही होता. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या एक चतुर्थांश लोकांना सर्वांत कमी असलेल्या एक चतुर्थांशांपेक्षा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

आता प्रयोगशाळेकडे येऊ. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे ते गोठू न देणाऱ्या रसायनाच्या, नळीत घेतात, प्लाझ्मा वेगळा करतात आणि त्यात ठरावीक मात्रेत नऊ जड हायड्रोजनचा टीएमएओ मिसळतात. मग मिथेनॉलने प्रथिनं खाली बसवून वरचं द्रव एलसी-एमएस-एमएस या, पदार्थ वेगळे करून त्यांच्या रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या, यंत्रात सोडतात. तिथे नमुन्यातला रेणू ७६ वस्तुमानाला दिसतो, आपण मिसळलेला ८५ ला. दोघांचं गुणोत्तर काढलं की प्रमाण कळतं. मोजणी अगदी काटेकोर होते. माझी हरकत मोजणीला नाहीच.

समुद्री मासळीत टीएमएओ आयता तयार असतो. खोल खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या माशांना तो पेशींतल्या पाण्याचा तोल सांभाळायला लागतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० तरुण पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी मासे, अंडी, गोमांस आणि फळं दिली. माशांनंतर रक्तातला टीएमएओ बाकीच्यांपेक्षा जवळपास पन्नास पट वाढला, आणि ही वाढ पंधरा मिनिटांतच दिसू लागली. मासे खाणं तर हृदयाला चांगलं मानलं जातं! म्हणजे रत्नागिरीचा किंवा काणकोणचा माणूस रात्री बांगड्याचं कालवण जेवून सकाळी रक्त द्यायला आला, तर त्याचा आकडा कशाचा मानायचा? जंतूंचा की बांगड्याचा? यंत्राला हा फरक कळत नाही. तो नमुना घेणाऱ्याने विचारायचा असतो, आणि म्हणूनच नमुन्यासोबत आधीच्या दिवशीच्या जेवणाची नोंद असावी असा माझा आग्रह आहे.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मूत्रपिंड मंदावलं की टीएमएओ साचतो. अशा माणसाला हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो. मग धोका टीएमएओमुळे वाढला, की दोन्ही एकाच आजाराची फळं आहेत? २०१९ मध्ये जनुकांच्या आधारे हा प्रश्न तपासला गेला. टीएमएओमुळे हृदयविकार होतो याला त्यातून दुजोरा मिळाला नाही. उलट मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजाराने टीएमएओ वाढतो, असाच कल दिसला. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी, पाहिल्याशिवाय टीएमएओच्या अहवालाचा अर्थ कुणी लावू नये.

तिसरं, एकाच माणसाचा आकडा वर्षभरात बराच वरखाली होतो. एकदा मोजून 'तुमचा धोका वाढलाय' असं सांगणं मला मान्य नाही. किमान दोनदा, मासे टाळून, उपाशीपोटी मोजा.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये दिसली म्हणून ही चाचणी करून घ्यावी का, असं लोक विचारतात. निरोगी माणसाने रक्तदाब, साखर, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि क्रिएटिनिन आधी पाहावं. त्यांवर उपचार आहेत, आणि त्या उपचारांनी झटके टळतात हे सिद्ध झालेलं आहे. टीएमएओच्या बाबतीत असा पुरावा उंदरांपुरता आहे. जंतूंना न मारता त्यांचं कोलीन तोडणारं विकर अडवणारी संयुगं २०१८ मध्ये उंदरांना दिली, तेव्हा टीएमएओ उतरला आणि गुठळ्या होण्याचं प्रमाणही घटलं. माणसांवरच्या चाचणीत नुसता आकडा उतरलेला दाखवून भागणार नाही, झटके कमी झालेले दाखवावे लागतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.