कुणीतरी असल्याची खूण

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं चित्र रेडिओवरून दाखवता येणार नाही, तेव्हा सांगतो तसं डोळ्यांसमोर आणा. डावीकडे कमानींची लांबच लांब पांढरी इमारत, उन्हात लख्ख. उजवीकडे तशीच दुसरी, पण सावलीत बुडालेली. तिच्यापुढे दारं सताड उघडी टाकलेली एक बंदिस्त गाडी, आत काहीही नाही. खाली डावीकडे एक मुलगी काठीनं चाक पळवत निघाली आहे. आणि ती जिकडे चालली आहे तिथे, इमारतीआडून, कुणाची तरी लांब सावली रस्त्यावर आली आहे. माणसाची की पुतळ्याची, कळत नाही.

१९१४ सालचं हे चित्र, ‘एका रस्त्याची उदासी आणि गूढ’. चित्रकार जॉर्जो द किरिको.

आईवडील इटालियन, पण याचा जन्म १८८८चा, ग्रीसमधल्या वोलोसचा. वडील इंजिनिअर, थेसलीत रेल्वेच्या कामावर. १९०५मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी कुटुंबानं ग्रीस सोडला. मग म्यूनिक, मिलान, फ्लोरेन्स, पॅरिस. त्याच्या निर्मनुष्य चौकांमध्ये भिंतीपलीकडून धूर सोडत जाणारी आगगाडी वारंवार दिसते. तिचं नातं वडिलांशी जोडायचा मोह अनेकांना होतो. मलाही होतो.

फ्लोरेन्समध्ये, लांबलेल्या आजारपणातून उठल्यावर, सांता क्रोचेच्या चौकात दान्तेच्या पुतळ्यासमोर तो एका शरद ऋतूतल्या दुपारी बसला होता. सगळं आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत असं तेव्हा वाटलं, असं त्यानं पुढे लिहिलं आहे. त्याचे हे चौक तिथून सुरू झाले.

आता त्या रस्त्याकडे परत या, कारण खरी करामत तिथे आहे. दूर जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूत मिळाव्यात, हा चित्रशाळेतला पहिला धडा. इथे दोन्ही इमारतींच्या रेषा वेगवेगळ्या ठिकाणी जातात, गाडी तर तिसरंच काही सांगते. पाहणाऱ्याला उभं राहायला जागाच उरत नाही. जमीन पायाखाली आहे, तरी आपण तिथले नाही! ‘मोंपार्नास स्थानक’ या त्याच वर्षीच्या चित्रात घड्याळ दुपारचे साधारण दीड वाजल्याचं दाखवतं आणि सावल्या मात्र दिवस कलल्यासारख्या लांब. अशा वेळी गाडी कितीची, हे कोण सांगणार?

त्याआधी, १९१२-१३च्या सुमारास, त्यानं पुतळ्याच्या रूपात आरिआद्नेला चौकात आणून निजवलं होतं. ग्रीक कथेतली ही राजकन्या. थिसिअसला तिनं चक्रव्यूहातून सोडवलं आणि ती झोपेत असताना तो तिला नाक्सोस बेटावर टाकून निघून गेला. चित्रात ती अजून झोपलेलीच आहे, आणि मागून आगगाडी चालली आहे.

किरिकोनं माणूस पूर्णच काढून टाकला असता, तर हे सारं नुसतं इमारतींचं चित्रण झालं असतं. तो धूर ठेवतो, सावली ठेवतो, वाऱ्यावर फडफडणारी निशाणं ठेवतो. ओढ लागते ती त्यामुळे.

उतारवयापर्यंत तो हेच चौक पुन्हा पुन्हा रंगवत राहिला, काहींवर जुनी तारीख घालूनसुद्धा. टीकाकार चिडले, आणि पैशाचा भाग त्यात होताच. तरीही ही निव्वळ लबाडी होती, असं मला वाटत नाही. १९७८मध्ये रोममध्ये तो गेला, तोवर त्या चौकांकडे जाणं काही त्यानं सोडलं नव्हतं.

नमस्कार.