नळी सांगेल ते काडतूस

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘हरीण आणि रानडुक्कर : शॉटगनसाठी काडतुसाची निवड’. त्यावर मी बोलणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट बरीच वर्षं मनात साचून आहे, ती मोकळी करतो. समोर बसलेले तुम्ही सगळे परवाना, हंगाम आणि आपापल्या भागातले नियम पाळणारे लोक आहात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळ, वॅड म्हणजे काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मध्ये असते ती डबी, हे तुम्हाला सांगत बसत नाही.

एक प्रश्न विचारतो, हात वर करा. एस.जी. किंवा डबल-ओचं, म्हणजे मोठ्या जनावरासाठीच्या जाड छर्ऱ्यांचं काडतूस स्वतःच्या बंदुकीतून कोऱ्या कागदावर उडवून कोणी कोणी पाहिलं आहे? रानात नव्हे, कागदावर. चार हात दिसतात, मागे एक अर्धा वर आहे. आता दुसरा प्रश्न. हे काडतूस रानात खिशात घेऊन कोण कोण गेलं आहे? बघा, आता पुढची अख्खी रांग वर आहे! माझं सगळं भाषण या दोन प्रश्नांच्या मधल्या फरकावर आहे.

आपल्यात एक समज पक्का रुजलेला आहे. शॉटगनचे छर्रे पसरतात, म्हणून नेम थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. बदकाला, तितराला हे लागू आहे, कारण तिथे कागदावर शेकड्यांनी छर्रे मोजावे लागतात आणि पाखराला चार-पाच लागले तरी ते खाली येतं. मोठ्या जनावराला हा न्याय लावला की घात होतो. बारा बोअरच्या नेहमीच्या ७० मिलिमीटर काडतुसात डबल-ओचे छर्रे असतात ९. प्रत्येकाचा व्यास साधारण ८.४ मिलिमीटर, वजन साडेतीन ग्रॅम. शेकडा सोडा, डझनही नाहीत. ते पसरणं इथे आपल्या बाजूचं नाही, जनावराच्याही बाजूचं नाही.

हिशेब करून पाहू. साध्या बनावटीचं काडतूस आणि मोकळी नळी असेल तर छर्रे यार्डाला सुमारे एक इंच पसरतात, हा जुना अंदाज तुम्हाला माहीत आहे. म्हणजे पस्तीस मीटरवर ते जवळजवळ एक मीटर रुंदीच्या वर्तुळात विखुरलेले असतात. मध्यम आकाराच्या हरणाचं हृदय-फुप्फुस आडव्या बाजूने बावीस-पंचवीस सेंटिमीटरच्या वर्तुळात मावतं. क्षेत्रफळ काढलं तर ते मोठ्या वर्तुळाच्या पंधराव्या ते विसाव्या भागाएवढंच भरतं! छर्रे मध्याकडे थोडे दाट असतात हे मान्य केलं, तरी नेम अगदी बरोबर असताना कामाच्या जागी एखाद-दुसरा पोचेल. बाकीचे पोटात, मांडीत, मानेच्या वरच्या मांसात. आणि गोल छर्रा हवेत फार लवकर मंदावतो. तोंडाशी त्याच्याकडे पावणेतीनशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, चाळीस मीटरवर निम्म्याहून थोडी जास्त उरते. आठ-नऊ छर्रे एकाच मुठीएवढ्या जागेत बसले तर ते भयंकर काम करतात. सुटे सुटे बसले की प्रत्येक छर्रा फक्त एक जखम करून थांबतो.

यावर कोणी म्हणेल, मग जनावर पडलेलं दिसतं ते कसं? पडतं, जवळून मारलेलं पडतं. न पडलेलं आपल्याला दिसत नाही, हा या सगळ्यातला मोठा दोष आहे. ‘अमक्याने पंचावन्न मीटरवर एका बारात लोळवलं’ ही गोष्ट गावभर फिरते. पंचावन्न मीटरवर ज्यांना छर्रे लागले आणि जी झाडीत गेली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

एकदा मात्र ती गोष्ट आमच्यासमोर उघडी पडली, तीच तुम्हाला सांगतो. आमच्यातल्या एकाने मोठा नर डुक्कर मारला. एकटा फिरणारा, सुळे पिवळे पडलेला, खांद्यावरचे केस राठ. स्लगचा, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाचा, एकच बार, अंतर तीस मीटरच्या आत, जनावर जागच्या जागी बसलं. सोलायला मी होतो. खांद्याची कातडी सोडवताना सुरी करकरली. जुन्या नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर कूर्चेसारखी घट्ट ढाल चढलेली असते. माजाच्या दिवसांत नर एकमेकांना सुळे मारतात, तिथे ती आडवी येते. वयाबरोबर ती जाड होत जाते, या नराची दोन बोटांहून जाड होती. त्या ढालीत दोन छर्रे रुतले होते. जुने. शिसं काळं पडलेलं, एक बाजू चपटी झालेली, आणि भोवती पांढऱ्या तंतूंचं घट्ट आवरण. सुरीच्या टोकाने आवरण चिरलं तेव्हा छर्रा तळहातावर पडला. खालच्या मांसापर्यंत दोन्ही पोचलेच नव्हते.

आम्ही पुढे शोधत गेलो. तिसरा मागच्या मांडीत हाडाजवळ सापडला, आणि तिथे मात्र पू होता. मांडीचा तो सगळा भाग टाकून द्यावा लागला. चौथा जबड्यात होता, त्याच्या शेजारची दाढ अर्धी तुटलेली. त्या दाढेवर किती महिने चावलं असेल त्या जनावराने, आणि मांडीतला पू घेऊन किती चाललं असेल!

आता मांडीपासून जबड्यापर्यंतचं अंतर मोजा. मीटरभर सहज होतं. मघाचा हिशेब उलटा लावा. एकाच काडतुसातले छर्रे मीटरभर पसरले, म्हणजे बार पस्तीस-चाळीस मीटरवरून किंवा त्याहून लांबून काढलेला. कोणी काढला ते आम्हाला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. पण तो माणूस घरी जाऊन ‘चुकला’ असंच म्हणाला असणार. तो चुकला नव्हता. चार छर्रे लागले होते!

त्या दिवसानंतर मी काडतूस विकणाऱ्या एका माणसाला विचारलं, हे डुकराला किती अंतरापर्यंत द्याल? त्याने डबा पुढे सरकवला, डब्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र. म्हणाला, कशालाही चालतं, पन्नासपर्यंत डोळे मिटून मारा. मला राग येतो तो याच वाक्याचा. कारण डब्यावर छर्ऱ्यांची संख्या असते, आकार असतो, वेग असतो. तुमच्या नळीतून ते कसे पसरतील हे त्यावर नसतं, आणि असूही शकत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन बंदुका शेजारी ठेवा, तेच काडतूस एकीतून पंचवीस मीटरवर ताटाएवढ्या जागेत बसेल आणि दुसरीतून दुप्पट विखुरेल. छर्ऱ्यांवर तांब्याचा मुलामा आहे का, त्यांच्यामध्ये भुकटी भरलेली आहे का, वॅड पुढून पाकळ्यांसारखं उघडतं की मागून, नळीत कोणता चोक आहे, या सगळ्यांचा मेळ नळीच जमवते. मागून उघडणाऱ्या वॅडचं काडतूस मोकळ्या चोकमधूनसुद्धा आश्चर्य वाटेल इतकं घट्ट बसतं, आणि पुष्कळदा फुल, म्हणजे आवळ चोक लावला की उलट बिघडतं. हे घरी बसून कोणाला सांगता येणार?

म्हणून कागद. मीटर-सव्वा मीटरचा चौकोनी कागद ताणून लावा, मागे भक्कम बांध असू द्या. मधोमध नेमाचा ठिपका, भोवती बावीस सेंटिमीटरचं वर्तुळ. पंधरा मीटरपासून सुरू करा, पाच-पाच मीटरने मागे सरका. प्रत्येक अंतरावर एका बारावर थांबू नका, तीन तरी काढा, प्रत्येकाला नवा कागद. वर्तुळातली भोकं मोजा आणि कागदावरच अंतर, चोक, काडतुसाचं नाव लिहा. ज्या अंतरावर ९ पैकी सात-आठ छर्रे दर वेळी आत बसायचं थांबतात, त्या काडतुसाची हद्द तिथे संपली. कोणाची वीस मीटरला संपेल, कोणाची तिसाला, एखाद्या भाग्यवानाची पस्तिसाला. शिवाय छर्ऱ्यांचा मध्य ठिपक्यावर आहे की वीतभर डावीकडे, हेही तेव्हाच कळतं, आणि कित्येकांना ते पहिल्यांदाच कळतं. खर्च होतो, खांदा दुखतो, मान्य. मांडीतला तो पू मी पाहिला आहे, म्हणून आग्रह धरतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. ज्या विषयासाठी तुम्ही आलात तो आता भराभर घेतो, माफ करा.

हरणासाठी, दाट झाडीत, कागदाने मान्य केलेल्या अंतराच्या आत, डबल-ओ किंवा ट्रिपल-ओ चालतं. डबल-ओहून थोडे बारीक अशा नंबर वन बकचे १६ छर्रे मावतात, व्यास ७.६ मिलिमीटर, जवळून तेही चांगलं काम करतं. नंबर फोर बकचे २७ असले तरी माझ्या मते हरणाला ते हलके आहेत. पाखरांचे बारीक छर्रे तर मोठ्या जनावरावर कुठल्याच अंतरावर वापरू नयेत. पुष्कळ ठिकाणी हरणाला छर्रे वापरायला कायद्यानेच बंदी आहे, तिथे प्रश्नच मिटला. स्लग वापरा.

डुकरासाठी माझं मत कडक आहे. मोठा नर असण्याची शक्यता असेल तर छर्रे नकोतच, स्लग हवा. ती ढाल तुम्ही ऐकलीत. शिवाय डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मध्येच म्हणा ना. हरणाच्या सवयीने खांद्याच्या मागे नेम धरला की गोळी पोटाकडे जाते. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा, आणि तिथे पोचायचं तर खांदा फोडून जाणारी गोळी लागते.

स्लग तीन तऱ्हांचे. ब्रेनेकचा १८९८ मधला जर्मन नमुना, मागे वॅड जोडलेलं, शिसं कठीण, फारसा चपटा न होता खोल जातो. मोठ्या डुकराला माझी पहिली पसंती तीच. फॉस्टरचा अमेरिकन नमुना १९३१ चा, मागून पोकळ, शिसं मऊ, लागल्यावर पसरतो. हरणाला उत्तम, मध्यम डुकरालाही पुरे. हे दोन्ही साध्या नळीसाठी आहेत. पुढे जड, मागे हलके म्हणून बॅडमिंटनच्या फुलासारखे सरळ जातात. अंगावरच्या तिरक्या रेघा त्यांना गरगर फिरवतात असं अनेकांना वाटतं, पण रेघांचं खरं काम चोकमधून जाताना दबायला जागा देणं हे आहे. तरीही चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे मोकळाच ठेवा. तिसरा सॅबोटचा, प्लॅस्टिकच्या खोळीतला. त्याला आतून पीळदार आटे पाडलेली नळी लागते. साध्या नळीतून तो फिरत नाही, भलतीकडे जातो आणि पैसे वाया जातात.

अंतर म्हणाल तर साधी नळी आणि पुढे नुसता नेमाचा मणी असेल तर पन्नास मीटर, नीट साइट बसवलेल्या असतील तर पाऊणशे. आटे आणि सॅबोट असतील तर शंभराच्या पुढेही जाता येतं. यालाही कागद हवाच, एका स्लगवर प्रेम करणारी नळी दुसऱ्याला वीतभर बाजूला टाकते. आणि साधारण २८ ग्रॅमचा स्लग जनावरातून आरपार गेला तर पुढे शेकडो मीटर जातो, म्हणून मागे माती दिसल्याशिवाय चाप ओढू नका.

मॅग्नमबद्दल, म्हणजे जास्त भरलेल्या काडतुसांबद्दल दर वेळी विचारतात. जास्त छर्रे मावतात, पण अंतराची हद्द त्याने वाढते असं मी कागदावर पाहिलेलं नाही, धक्का मात्र वाढतो आणि धक्क्याला भ्यालेला माणूस चाप झटकतो. कमी वेगाची काडतुसं पुष्कळ नळ्यांतून जास्त घट्ट बसतात. नळीवर ७० लिहिलं असेल तर ७६ चं काडतूस बसलं तरी उडवू नका, तोंड उघडायला पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसंच बंद आहे, तिथे तांब्याचे स्लग घ्या. मांसात शिशाचे कण जातात, म्हणून बंदी नसेल तिथेही जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका.

शेवटचं, आणि हे घाईत नाही. वीस बोअर हरणाला पुरेसा आहे, स्लग घालून तर नक्कीच, आणि धक्का सोसवत नसेल त्याने तोच घ्यावा. पण वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत पडलं तर ते पुढे सरकून अडकतं, मागून पाहिलं तर नळी रिकामी वाटते. त्यामागे बाराचं भरून चाप ओढला की नळी हातातच फुटते. वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. दोन्ही बोअरच्या बंदुका एका घरात असतील तर पट्टे, पिशव्या, खिसे सगळं वेगळं ठेवा, आणि रानातून परतलात की त्याच संध्याकाळी खिसे उलटे करून झटका.