कोंबडीचं आतडं कापल्यावरही का हलतं? आणि तो पडदा फेकू नका!

नमस्कार मंडळी! पोळ्याची कर आली की कमेंटमध्ये एकच प्रश्न: "भाऊ, आतडं बाहेर काढलं तरी वळवळते, जंत असतीन का?" वळवळ म्हणजे जंत नव्हे. जंत बघायचे तर आतडं उभं चिरा. मोठा गोलकृमी पांढुरका, 5 ते 12 सेंटीमीटर लांब, पोकळीत मोकळा सापडतो. लाटेसारखं आकसतं ती खुद्द भिंत.

भिंतीत स्नायूंचे दोन थर, आतला गोल आणि बाहेरचा उभा. त्यांच्या मधोमध चेतापेशींचं एक जाळं, दुसरं अस्तराखाली. स्नायूला स्वतःची लय असतेच, तिला वळण लावतात या पेशी. म्हणून मेंदूशी संबंध तुटला तरी काही वेळ काम चालू राहतं.

आता खरी गोष्ट. पक्ष्यांमध्ये आतड्याला लागून चेतापेशींच्या गाठींची एक दोरी धावते, रेमाकची चेता. ती माणसात नाही, गाईम्हशीत नाही. अवस्करापासून, म्हणजे शेवटच्या दारापासून, आतड्याच्या कडेकडेनं वर लहान आतड्याच्या सुरुवातीकडे जाते. ती असते आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात, आणि आपण काय करतो? आतडं खसकन ओढतो. पडदा फाटला, दोरी गेली!

ही दोरी बघायची असेल तर कलेजी-पोटा काढून झाला की आतडं ओढू नका, पडद्यासकट कात्रीनं सोडवा. धुताना साधं पाणी नको, पेशी फुगतात. लिटरला 9 ग्रॅम मीठ घाला. आणि ताटात पसरून "दिसत नाही" म्हणू नका, पडदा ताणून उजेडासमोर धरा. आतड्याला फुटलेल्या, एका टोकानं बंद अशा दोन आंधळ्या पिशव्यांच्या पुढचा, दाराकडचा सरळ तुकडा निवडा, गाठी तिथं जास्त भरीव असतात. लाल ती रक्तवाहिनी, बोटानं दाबली की रक्त सरकतं. आतड्याला समांतर जाणारा फिकट दोरा, दाबून काही सरकत नाही, तीच चेता. पडदा शाबूत नसेल तर बाकी सगळी मेहनत वाया.

"या चेतापेशी येतात कुठून?" हेही बरेच जण विचारतात. अंडं उबायला 21 दिवस लागतात. बहुतेक पेशी मानेच्या भागातून निघून आठव्या दिवसाच्या सुमारास आतड्याच्या दाराकडच्या टोकाला पोचतात. शेपटीकडच्या पेशी आधी रेमाकची चेता घडवतात, मग काही आतड्यात शिरतात. फ्रान्सच्या निकोल ल दुआरँ यांनी बटेरच्या गर्भाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवून हा प्रवास दाखवला. बटेरच्या पेशीचं केंद्रक रंग दिल्यावर वेगळं ओळखू येतं, म्हणून कोणती पेशी कुठून आली ते कळलं.

त्या सरळ तुकड्यावर लाट उलटी, म्हणजे दाराकडून वर जाताना दिसली तर चकित होऊ नका. जिवंत कोंबडीतही तसंच चालतं: लघवी उलटी वर जाते, पिशव्यांपर्यंत पोचते, आणि त्यातलं पाणी-मीठ परत शोषलं जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात हे किती मोलाचं, तुम्हीच बघा.

आजारानं मेलेली कोंबडी मात्र या कामाला घेऊ नका, आणि शेवटी हात, कात्री, ताट साबणानं धुवा.