मागे राहिलेल्या आईवडिलांचा शोध

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत आज तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. त्यांतले कितीतरी जण आपल्या घराण्याचा शोध घेत असतात. आपल्याकडच्याही काही घरांत आता आयरिश आडनावाची सून किंवा जावई आला आहे, आणि तिकडची नातवंडं दोन्हीकडच्या आजी-पणजींबद्दल विचारू लागली आहेत. हा शोध बहुतेकांच्या बाबतीत बंदरापर्यंत नीट जातो. न्यूयॉर्कला किंवा बोस्टनला जहाजातून उतरलेला पणजोबा सापडतो, त्याचं वय सापडतं, कधी जहाजाचं नावही सापडतं. पण त्याला निरोप देऊन घरी परत गेलेले त्याचे आईवडील कोण होते, कुठल्या शेतावर राहत होते, पुढे त्यांचं काय झालं, इथे येऊन गाडी अडते. मला आज त्या आईवडिलांबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडा इतिहास. 1841 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 81 लाखांवर होती. 1845 साली बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळांचं सारं पोट त्या एका पिकावर होतं. उभं रान काळं पडलं, जमिनीतून काढलेले बटाटे हातात सडले, आणि हे पुढची काही वर्षं होत राहिलं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापाच्या साथींनी गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. 1851 ची मोजणी झाली तेव्हा संख्या साडेपासष्ट लाखांवर आली होती. खंड थकला म्हणून जमीनदारांनी कुळांना घराबाहेर काढलं, छपरं पाडली. ही हकिगत पुष्कळांना माहीत असते.

दुष्काळ सरल्यावरही जाणं थांबलं नाही, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. जमिनीचे आणखी तुकडे करायचे नाहीत, असं शेतकऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. शेत एका मुलाला, हुंडा एका मुलीला, बाकीच्यांना अमेरिकेचं तिकीट. मोठी बहीण आधी जायची, श्रीमंतांच्या घरी मोलकरीण म्हणून राबायची, पैसे साठवून धाकट्या भावाचं तिकीट पाठवायची, मग तो त्याच्या धाकट्याचं. आयर्लंडहून गेलेल्यांत मुलींची संख्या जवळजवळ मुलांइतकी होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणी लग्न न झालेल्या, एकट्या गेल्या. 1851 नंतरच्या सत्तर वर्षांत चाळीस लाखांहून अधिक लोक तो देश सोडून गेले. निघायच्या आदल्या रात्री घरी शेजारपाजार जमायचा, नाच व्हायचा, गाणी व्हायची, आणि पहाटे बायका मयताला रडावं तशा रडायच्या. या रात्रीला लोक ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे प्रेताशेजारी जागवलेली रात्र. जाणारं लेकरू पुन्हा दिसणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं.

आता शोधाकडे वळू. या कामात पडणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं की आयर्लंडचे कागद जळाले. ते खरं आहे. 30 जून 1922 ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत नष्ट झालं. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद त्यात गेले. 1861 आणि 1871 चे कागद सरकारनं आधीच नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईत लगद्याला गेले. हे ऐकून लोक हात टेकतात. मला ते पाहवत नाही, कारण कॅथलिक चर्चच्या बहुतेक नोंदवह्या आपापल्या पॅरिशमध्येच, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांतच होत्या, त्या वाचल्या. 1864 पासूनच्या जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी वाचल्या. 1901 आणि 1911 च्या जनगणनांचे घराघरांतले मूळ कागद वाचले. आणि आईवडिलांची नावं तर दुसऱ्याच ठिकाणी शिल्लक राहिली. ती मुलांनी आपल्याबरोबर समुद्रापार नेली होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आयर्लंडची दारं नंतर ठोठावा. आधी अमेरिकेतले कागद पिंजून काढा, आणि तुमच्या एका पूर्वजाचे नव्हे, त्याच्या झाडून सगळ्या भावंडांचे. तुमच्या पणजोबाच्या मृत्यूच्या दाखल्यात आईचं नाव नसेल, पण शिकागोत वारलेल्या त्याच्या बहिणीच्या दाखल्यात ते माहेरच्या आडनावासकट असू शकतं. दाखला हातात आला की माहिती कोणी दिली, ते आधी बघा. मुलीनं दिली असेल तर विश्वास ठेवा. आजीला कधी न पाहिलेल्या नातवानं किंवा घरमालकिणीनं दिली असेल तर ती ताडून घ्या.

न्यूयॉर्कच्या एका बँकेबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे. एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक. 1850 साली आयरिश स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या मंडळींनीच ती चेंबर्स स्ट्रीटवर काढली. खातेदार बहुतेक हमाल, मजूर, मोलकरणी. कित्येकांना सही येत नव्हती, आणि एकेका नावाच्या दहा दहा मेरी आणि दहा दहा पॅट्रिक रांगेत उभे. पैसे काढायला आलेली मेरी तीच कशावरून? म्हणून कारकून खातं उघडताना प्रश्न विचारून उत्तरं वहीत उतरवून ठेवायचा. गाव कुठलं, कुठल्या जहाजानं आलीस, बापाचं नाव काय, आईचं काय, ती हयात आहेत का, कुठे राहतात, भाऊबहिणी किती आणि कुठे. पुढच्या वेळी तीच उत्तरं आली की ओळख पटली. फसवणूक टाळण्यासाठी केलेल्या या नोंदी आज अनमोल झाल्या आहेत. दुष्काळातून वाचून मागे राहिलेल्या, कुठल्याच सरकारी कागदावर नाव न उरलेल्या किती तरी म्हाताऱ्या आईबापांची नावं मॅनहॅटनमधल्या या वह्यांत आहेत. त्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ठेवलेल्या आहेत.

दुसरी जागा म्हणजे बोस्टनचं ‘पायलट’ हे वर्तमानपत्र. 1831 पासून 1921 पर्यंत त्यात हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत असत. अमुक काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, अमुक पॅरिशचा, अमुक साली उतरला, शेवटचं पत्र रेल्वेच्या कामावरून आलं होतं, त्याची बहीण चौकशी करते आहे. कधी चौकशी करणारी मागे राहिलेली आईच असायची. या जाहिरातींत काउंटीबरोबर पॅरिशचंही नाव येतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

कारण नुसती काउंटी कळून भागत नाही. अमेरिकेतल्या थडग्यावर ‘काउंटी कॉर्क’ एवढंच कोरलेलं असतं, आणि कॉर्कमध्ये सलिव्हन हजारो. आयर्लंडमधला सगळ्यात लहान पत्ता म्हणजे टाउनलँड, काही शेतांचा आणि थोड्या घरांचा तुकडा. असे साठ हजारांवर टाउनलँड आहेत. ते एक नाव हाती लागलं की पुढचे सगळे कागद उघडू लागतात.

काही कुटुंबांत कागदावर काहीच सापडत नाही, तेव्हा मुलांची नावं बघा. आयरिश घरांत पुष्कळदा पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या नावाची असे. हा काही पुरावा नव्हे, पण अंधारात दिशा मिळते.

आता समुद्र ओलांडून आयर्लंडला येऊ. चर्चच्या नोंदवह्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2015 साली इंटरनेटवर सर्वांना मोफत पाहायला ठेवल्या. पश्चिमेकडच्या गरीब पॅरिशमध्ये त्या उशिरा सुरू होतात, अक्षर फिकट असतं, नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात, म्हणजे जेम्सचा जेकोबस झालेला असतो. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं आणि साक्षीला उभे राहिलेल्या दोघांची नावं असतात. ते साक्षीदार बहुधा मामा, आत्या, शेजारी. पुढे अमेरिकेतही तीच नावं त्याच गल्लीत दिसतात. कॉर्कमधल्या अ‍ॅलिहीजच्या तांब्याच्या खाणीतले कामगार मोंटानातल्या ब्यूटच्या खाणींत गेले ते असेच, गावच्या गाव एकमेकांमागून.

ग्रिफिथच्या मूल्यांकनाची यादी, म्हणजे कर बसवण्यासाठी सरकारनं केलेली जमिनी-घरांची मोजदाद, 1847 ते 1864 मधली, जमीन कोणाच्या ताब्यात होती ते सांगते. त्यात फक्त घरातल्या कर्त्याचं नाव असतं, बायकामुलांचं नाही. मला त्याहून जास्त मोलाच्या वाटतात त्या तिच्यानंतर ठेवलेल्या दुरुस्तीच्या वह्या. आपल्याकडच्या फेरफारासारखं हे काम. बाप गेला की त्याचं नाव खोडायचं, वर विधवेचं किंवा मुलाचं लिहायचं, बाजूला साल. प्रत्येक फेरीला शाईचा रंग वेगळा. बापाच्या जागी मुलाचं नाव आलं, की घरी कोण राहिला ते कळलं. जमीन भलत्याच आडनावाकडे गेली, की शेवटचं लेकरूही गेलं असावं. उत्तरेतल्या काउंटींच्या वह्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारानं इंटरनेटवर दिल्या आहेत.

घरी राहिलेला तो एक मुलगा या शोधात फार महत्त्वाचा. जॉन केनेडींचे पणजोबा पॅट्रिक 1848 साली वेक्सफर्डमधल्या डंगन्सटाउनहून निघाले, पण त्या शेतावर घराण्याची एक फांदी राहिली. म्हणूनच जून 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी तिथे गेले, तेव्हा त्यांना चहा द्यायला घरचंच माणूस होतं.

आणखी एक कागद. 1908 च्या कायद्यानं 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागलं. वयाचा दाखला कुठून आणायचा? जन्मनोंदणी तर 1864 पासूनची. मग हे वृद्ध अर्ज करत की 1841 किंवा 1851 च्या जनगणनेत माझं नाव शोधा. अर्जात वडिलांचं नाव, आईचं नाव, टाउनलँड, पॅरिश लिहावं लागे. कारकून डब्लिनच्या त्या दप्तरखान्यात जाऊन पाने चाळायचा आणि जे दिसेल ते अर्जावर उतरवायचा. कधी ‘सापडले नाही’, कधी लहानपणीचं सगळं घर, आईबाप आणि भावंडं वयासकट. तेरा-चौदा वर्षांनी मूळ जनगणना जळून गेली, हे अर्ज राहिले. ज्या म्हाताऱ्यानं पाच शिलिंगांसाठी अर्ज केला, त्याची भावंडं एव्हाना अमेरिकेत पांगलेली होती. आज त्यांचे पणतू त्याच्या अर्जातून आपले खापरपणजोबा शोधतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर हे अर्ज मोफत आहेत.

आणि शेवटी 1911 चा जनगणनेचा कागद, माझ्या मते या सगळ्यांत बोलका. 2 एप्रिलच्या रात्री घरात जे होते त्यांची नावं. वय, धर्म, वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का. वयाकडे सावधपणे पाहा, 1901 नंतरच्या दहा वर्षांत पुष्कळ वृद्धांचं वय चौदा-पंधरा वर्षांनी वाढलेलं दिसतं, पेन्शनमुळे. पण खरा खजिना उजवीकडच्या रकान्यांत आहे. त्या वर्षी विवाहित स्त्रियांना पहिल्यांदाच विचारलं गेलं, लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, आज हयात किती. मेयो, केरी, गॉलवेतले असे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. घरात म्हातारा, म्हातारी आणि एक अविवाहित मुलगा. रकान्यात लिहिलेलं, जन्मले दहा, हयात आठ. मग सात कुठे आहेत? 1901 चा कागद शेजारी ठेवा, त्यांतली दोन-तीन नावं मिळतील. पॅरिशच्या वहीत आईच्या माहेरच्या नावावर बाप्तिस्मे शोधा, दहाही मिळतील. मग ती नावं घेऊन अमेरिकेच्या 1900 आणि 1910 च्या जनगणनेत जा, तिथे देशात कुठल्या साली आले तेही विचारलेलं आहे. आयर्लंडच्या कागदावरचा मुलांचा तो प्रश्न विधवांना नव्हता, तरी अनेकींनी उत्तर लिहिलं. मोजणीदारानं त्यावर रेघ मारली. रेघेखालचे आकडे नीट वाचता येतात, ते सोडू नका.

आईवडिलांची मृत्यूची नोंद शोधताना एक लक्षात ठेवा. आयरिश नोंदीत मृताच्या आईबापांची नावं नसतात, त्यामुळे एकाच नावाच्या तीन म्हाताऱ्या समोर आल्या की गोंधळ होतो. अशा वेळी खबर देणाऱ्याच्या रकान्यात बघा, मृत्यूसमयी जवळ कोण होतं. तिथे त्याचं नाव आणि टाउनलँड असतं. ते नाव 1911 च्या कागदावर घरात राहिलेल्या त्या मुलाचं किंवा सुनेचं निघालं, तर तुमचं माणूस सापडलं म्हणून समजा, आणि तिथून जमिनीच्या वहीकडे वळा.

नमस्कार.