भाता छातीत असलेली पेटी

(वाचनालयातल्या मासिक व्याख्यानाचं संपादित रूप)

आयोजकांनी फलकावर लिहिलंय, ‘सिंथ-पॉप म्हणजे काय?’ याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देऊन टाकतो. सिंथेसायझर म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आणि त्याच्या जिवावर बांधलेली, चटकन ओठांवर येणारी गाणी म्हणजे सिंथ-पॉप. झालं. मला खरं बोलायचंय ते इमोजेन हीप या इंग्लिश गायिकेबद्दल. त्यातही तिच्या एकाच गाण्याबद्दल. त्यात ड्रम नाही, गिटार नाही आणि गंमत म्हणजे वेगळा असा सिंथेसायझरही नाही.

हीपचा जन्म 1977 चा, लंडनच्या पूर्वेला, एसेक्सच्या बाजूला. बोर्डिंग शाळेत असताना ती अटारी कंप्युटरवर स्वतःच ध्वनिमुद्रण शिकली. पहिला अल्बम 1998 चा, नाव ‘आयमेगाफोन’. तिच्या इंग्रजी नावातलीच अक्षरं उलटीपालटी करून ते जुळवलंय. आपल्याकडे शब्दकोडी सोडवणाऱ्या मंडळींना हे लगेच आवडेल. मग गाय सिग्सवर्थ या निर्मात्याबरोबर ‘फ्रू फ्रू’ नावाची जोडी जमली आणि 2002 मध्ये त्यांचा एक अल्बम आला. तो फारसा खपला नाही, जोडी फुटली. पुढे 2004 मध्ये ‘गार्डन स्टेट’ या चित्रपटात त्यातलं एक गाणं वाजलं आणि लोक विचारायला लागले, हे कोण? पण तोवर दुकान बंद झालं होतं.

आता खरी गोष्ट. तिने दुसरी रेकॉर्ड कंपनी शोधली नाही. राहत्या फ्लॅटवर नव्याने कर्ज काढलं आणि त्या पैशातून स्टुडिओ उभा केला. अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात फिरवायचं काम, त्याची तारीख वर्षभर आधीच ठरवून टाकली. मुलगी बघण्याआधी कार्यालय बुक करण्यासारखंच हे. लेखन तिचं, निर्मिती तिची, मिक्सिंगही, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणंही, तिचंच. अल्बम 2005 मध्ये आला, ‘मेगाफोनिक’ या तिच्याच लेबलवर, म्हणजे तिच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीतर्फे. नाव ‘स्पीक फॉर युअरसेल्फ’, म्हणजे तुझं तूच बोल.

‘स्वतंत्र कलाकार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपाशीपोटी, विस्कटलेल्या केसांचा माणूस येतो. मला मात्र कर्जाचं पासबुक दिसतं. हप्ता मी भरतोय, तर गाण्यात ड्रम नको हेही मीच ठरवणार. 2005 मध्ये एखाद्या कंपनीच्या बैठकीत बिनड्रमचं, बिनठेक्याचं गाणं मंजूर झालं असतं असं मला तरी वाटत नाही.

हे गाणं म्हणजे ‘हाइड अँड सीक’. त्याची जन्मकथा तिने मुलाखतींतून सांगितली आहे. एके दिवशी स्टुडिओतला कंप्युटर बसला. काहीच न करता घरी जायची इच्छा होईना. कोपऱ्यात हार्मोनायझर पडला होता, तो तिने जोडला, मिनिडिस्कवर, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या छोट्या तबकडीवर, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुचेल ते गात गेली. साडेचारेक मिनिटं. आज आपण ऐकतो ते गाणं त्यातूनच उभं राहिलं.

(कंप्युटर बसण्याचा अनुभव मलाही आहे. एका एकांकिका स्पर्धेत तिसरी घंटा झाली आणि आमचं ध्वनियंत्र गार पडलं. मला दिव्य असं काही सुचलं नाही. घाम फुटला आणि प्रयोग रडतखडत पार पडला. तेव्हा यंत्र बिघडलं की कला जन्मते, अशी माझी अजिबात समजूत नाही.)

हार्मोनायझर म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो. एका बाजूने माइक, दुसऱ्या बाजूने कीबोर्ड. तुम्ही माइकमध्ये गाता आणि हातांनी चार पट्ट्या दाबता. यंत्र तुमचाच आवाज त्या चार सुरांवर नेऊन ठेवतं. शब्द तोंडाचे, सूर बोटांचे. गाणारी एक आणि ऐकू येतो वृंद.

आपल्या पेटीशी ताडून बघा. कीर्तनात बुवा श्वासाला थांबले तरी पेटी चालू राहते. पेटीवाला भाता मारतोय तोवर सूर भरलेला असतो, बुवांची उसंत झाकली जाते. इथे उलटं आहे. पट्ट्या कितीही दाबून धरा, तोंड मिटलं की सगळा वृंद गप्प. या पेटीचा भाता गाणारणीच्या छातीत आहे. म्हणून त्या गाण्यात ओळ संपते तेव्हा खरोखरची शांतता येते, आणि त्या शांततेत ती श्वास घेते. आवाज यंत्रातून गेलेला, थंड, काचेसारखा, आणि मध्येच माणसाचा श्वास. ते गाणं काळजाला भिडतं ते तिथे, असं माझं मत.

आणि शब्द. प्रेम, विरह, अश्रू वगैरे मोठे शब्द ती फारसे वापरत नाही. ती घर दाखवते. भिंतीवर तसबिरी होत्या तिथे उरलेले तेलकट डाग. गालिच्यावर उमटलेली वर्तुळं. शिलाई यंत्रं. कोण गेलं, का गेलं, काही सांगत नाही. कॅमेरा रिकाम्या खोलीतून फिरावा तसं. घर बदलताना ट्रक निघून गेल्यावर आपण एकदा मागे वळून खोली बघतो ना, कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन दिसतो, तेच. तिच्या लेखनाला लोक सिनेमॅटिक म्हणतात ते मोठ्या वाद्यवृंदामुळे असेल, असं मला आधी वाटायचं. ते या तपशिलांमुळे आहे.

पडद्याने ते ओळखलंही लगेच. ‘द ओ. सी.’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग, 2005. गोळी सुटते आणि हे गाणं सुरू होतं. ते इतकं गाजलं की दोन वर्षांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाने त्याची टर उडवली. 2009 मध्ये जेसन डेरुलो या अमेरिकन गायकाने त्याच गाण्याचा तुकडा घेऊन आपलं गाणं केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात ड्रम आहेत, अर्थातच.

पुढचं भराभर सांगतो. ‘एलिप्स’ हा 2009 चा अल्बम तिने लहानपणीच्या लंबवर्तुळाकार घरात केला, नावही त्यावरूनच. त्याच्या ध्वनिमुद्रणासाठी तिला ग्रॅमी मिळालं. नंतर एका गाण्यासाठी चाहत्यांकडून आवाज मागवले: पेटती काडी, सायकलचे स्पोक, भांडी धुण्याच्या यंत्राचं दार. मग हातमोजे आले. बोटं वाकवली, मनगट फिरवलं की आवाज बदलतो, म्हणजे रंगमंचावर कंप्युटरमागे दडून राहायला नको. ‘मी.मू’ या नावाने ते मोजे पुढे इतरांनाही मिळू लागले. मला स्वतःला ते बघायला जास्त आवडतात, ऐकायला कमी.

आपल्याकडेही ती येऊन गेली. 2011 मध्ये ‘द डेवारिस्ट्स’ या कार्यक्रमासाठी मुंबईच्या विशाल-शेखर या संगीतकार जोडीबरोबर तिने राजस्थानात एक गाणं केलं. रवींद्रनाथांच्या ‘जिथे मन निर्भय आहे’ या कवितेशी नातं सांगणारं ते गाणं पुढे तिच्या अल्बमवरही गेलं.

बरं, आता गाणं लावतो. जोशीकाका, तेवढे वरचे पंखे बंद कराल का? उकडेल थोडं, पण साडेचार मिनिटांचाच प्रश्न आहे. पंख्याच्या घरघरीत तिचा श्वास ऐकू येत नाही.