लेबनॉनएवढा आपला जिल्हा
(सोलापुरात क्रीडाशिक्षक, पालक आणि शालेय खेळाडूंसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. २०११च्या जनगणनेत आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या वर भरली. लेबनॉन हा देश त्याहून फार मोठा नाही, पन्नास-साठ लाखांच्या घरातला. २०१९पासून तिथल्या बँका कोलमडल्या. ऑगस्ट २०२०मध्ये बैरूतचं बंदर स्फोटात उद्ध्वस्त झालं. आणि त्याच देशाचा बास्केटबॉल संघ जुलै २०२२मध्ये जकार्ताला आशिया चषकाचा अंतिम सामना खेळला. ऑस्ट्रेलियाशी. ७५-७३, दोन गुणांनी हरला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तो लेबनॉनचाच वाएल अराकजी. भारत त्या वेळी लेबनॉनच्याच गटात होता आणि आपण गटातले तिन्ही सामने हरलो.

मला आज एवढंच विचारायचंय, की त्यांच्याकडे असं काय आहे जे आपल्याकडे नाही?

पहिलं उत्तर सगळे देतात: उंची. तिच्याबद्दल खरं ते बोलू. आशिया चषकाची ही स्पर्धा १९६०मध्ये मनिलात सुरू झाली. १९७५मध्ये चीन पहिल्यांदा उतरला तो थेट जिंकूनच गेला आणि आजवर त्याची १६ विजेतेपदं झाली. याओ मिंगची उंची २.२९ मीटर. इराणच्या हमेद हद्दादीची २.१८, आणि इराण २००७, २००९, २०१३ असा तीनदा जिंकला. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, तेव्हा उंच माणसाला फायदा होणारच. तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण पहिली स्पर्धा जिंकली फिलिपिन्सने, आणि एकूण पाच वेळा जिंकली. तिथली माणसं आपल्यापेक्षा उंच नाहीत, हवा आपल्यासारखीच उष्ण, गरिबीही ओळखीची. आणि मुलींनो, तुमच्यासाठी जपानचं सांगतो. महिलांचा आशिया चषक जपानने २०१३पासून २०२१पर्यंत सलग पाच वेळा जिंकला, अंगाने मोठ्या चिनी संघाला मागे टाकून. टोकियो ऑलिंपिकमध्ये याच संघाने रौप्यपदक घेतलं. त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी, रुई माचिदा १६२ सेंटिमीटरची, म्हणजे पाच फूट चार इंच. एवढ्या उंचीच्या मुली या सभागृहात मला आत्ता दिसताहेत. ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तिने १८ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट घडवणारे पास, दिले, तो ऑलिंपिकचा विक्रम झाला. जपानी मुली काय करत होत्या? चेंडू मिळाला की सुसाट पळायचं, तीन गुणांच्या, ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून न बिचकता शॉट घ्यायचा, आणि डिफेन्समध्ये समोरचीला श्वास घेऊ द्यायचा नाही. यातलं प्रत्येक काम सरावाने येतं.

आता आपल्या संघाकडे बघू. १९७५मध्ये बँकॉकला भारत आशियात चौथा आला होता. पुरुष संघाची आजवरची ती सर्वोत्तम कामगिरी. मुंबईच्या नागपाड्याने तर या देशाला अब्बास मुंतसिरसारखा कर्णधार दिला. १९७०चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. एका दाट वस्तीतल्या उघड्या कोर्टाने किती खेळाडू घडवले याचा अभ्यास व्हायला हवा. २०१४मध्ये वूहानला, चीनच्याच घरात, आपल्या मुलांनी चीनला ६५-५८ असं हरवलं. २०१७मध्ये बंगळुरूत महिला संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचा, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. म्हणजे ताकद आहे.

मग घोडं अडतं कुठे? ऑगस्ट २०२५मध्ये जेद्दाला आशिया चषकात भारत जॉर्डनशी बरोबरीत राहिला. सामना जादा वेळेत गेला. जादा वेळ म्हणजे पाच मिनिटं. तिथे आपण ९१-८४ असे हरलो. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने चीनला ९०-८९ असं, एका गुणाने हरवलं. असे सामने शेवटच्या दोन-चार मिनिटांत ठरतात. घड्याळात २४ सेकंद आहेत, पाय जड झालेत, तीन-चार फाउल अंगावर आहेत आणि पास कुणाला द्यायचा ते तुम्हालाच ठरवायचंय. हे फळ्यावर शिकवता येत नाही. अशा शेवटांतून शंभर वेळा गेलेल्या खेळाडूचाच हात तेव्हा स्थिर राहतो. लेबनॉनमध्ये क्लबांची लीग आहे, गावागावांची ईर्ष्या आहे, लोक तिकीट काढून सामन्याला येतात. तिथला वीस वर्षांचा मुलगा अटीतटीचे सामने खेळूनच राष्ट्रीय संघात येतो. आपला मुलगा रेल्वेत किंवा सेनादलात नोकरीला लागतो, त्याचं पोट सुरक्षित होतं आणि ते मला मोलाचं वाटतं; पण त्याला वर्षभराचे सामने मिळत नाहीत.

आणि ही उपासमार शाळेपासूनच सुरू होते. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. जिल्हास्तरावर पहिलाच सामना हरला की त्या संघाचं वर्ष संपलं. जून-जुलैपासून घाम गाळलेल्या मुलीला चाळीस मिनिटंही खेळायला मिळत नाहीत. ज्या संघाला सामन्यांची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच आपण सर्वांत आधी घरी पाठवतो. मला हे फार लागतं.

आशिया चषकाची पात्रता फेरी आता मायदेशात आणि परदेशात अशी दोन्हीकडे खेळली जाते. प्रत्येक संघ गटातल्या प्रत्येकाशी दोनदा भिडतो, एकदा आपल्या कोर्टवर, एकदा त्याच्या. हीच पद्धत शहरात आणायला कुणाची परवानगी लागत नाही. आठ शाळा घ्या. प्रत्येकीने दुसरीशी दोनदा खेळायचं. एका संघाला १४ सामने मिळतात, हरला तरी १४. दर रविवारी चार सामने धरले तर १४ रविवारांत लीग पुरी होते. दिवाळीनंतर सुरू करा म्हणजे आपलं ऊन आडवं येणार नाही. मार्चनंतर सोलापुरात सिमेंटच्या कोर्टवर दुपारी पाय ठेववत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मुलींची लीग त्याच दिवशी, त्याच कोर्टवर, आणि तिचे सामने आधी.

खर्च थोडा आहे, माणसं जास्त लागतील. गुणलेखक हवा, फाउल मोजणारा हवा, शॉटसाठीचं २४ सेकंदांचं घड्याळ चालवणारा हवा. ही कामं पालकही शिकू शकतात. ज्या शिक्षकांची तयारी आहे त्यांनी जाताना शाळेचं नाव आणि कोर्ट कधी मोकळं असतं ती वेळ माझ्याकडे लिहून द्यावी. आठ नावं आली की वेळापत्रक मी मांडतो.