ज्योतीचा श्वास गाडीबाहेर

नमस्कार श्रोतेहो. नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्याचं ऊन आठवतं. पण 2018 च्या डिसेंबरात इथलाच पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हे आपण अंगावर काढलंय. अशाच एका थंडीत माझ्या भाच्यानं पेंचच्या रानाशेजारी, सिल्लारीजवळ गाडी लावली. जुन्या मिनीबसचं त्यानं मोटरहोम करून घेतलंय. आत पलंग, ओटा, आणि हौसेनं मागवलेली फर्नेस, म्हणजे प्रोपेन गॅसवर चालणारा, गाडी आतून उबदार ठेवणारा हीटर. रात्री साडेदहाला फोन आला.

"मामा, हे नुसतं पंखा फिरवून राहिलं, पेटूनच नाही राहिलं. शेगडी पेटवून ठेवू का आतमधी? पोरं कुडकुडून राहिली."

म्हटलं, बाबा, पोरांवर असतील नसतील तेवढ्या गोधड्या घाल, पण शेगडीला हात लावू नको.

फर्नेसची ज्योत बंद लोखंडी डब्यात जळते. ती हवा बाहेरून घेते, धूरही भिंतीतल्या नळीतून बाहेर टाकते. आपल्या वाट्याला येते ती त्या डब्याच्या अंगावरून फिरून तापलेली हवा. उघडी शेगडी मात्र तुमच्याच श्वासातली हवा खाते. बंद गाडीत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. गाडीतल्या सगळ्यांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, मळमळलं, तर जेवणाला दोष देत बसू नका. आधी सगळे बाहेर पडा, मग 108 ला फोन करा.

दुसऱ्या दिवशी गेलो. फर्नेसची बॅटरी मोजली, साडेदहा व्होल्ट! पंखा फिरत होता, पण मरगळलेला. पंख्याच्या वाऱ्यानं एक छोटी पत्ती हलते, ती पुरेशी हलली तरच गॅसचा वाल्व्ह उघडतो. वारा कमी, म्हणून गॅस बंद. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं, शहाणपणानं वागत होतं. आणि एका गॅरेजवाल्यानं याला सांगून ठेवलं होतं, ती पत्तीची वायर डायरेक्ट करून टाका, झंझट नाही. असला सल्ला देणाऱ्याला आधी त्याच गाडीत झोपवावं, असं मला वाटतं.

मग बाहेरून धुराच्या नळीत टॉर्च मारला. आत मातीचा गोळा. कुंभारीण माशीनं पावसाळ्यात घर बांधलं होतं, अंगठ्याएवढं, घट्ट लिंपलेलं. बॅटरी चार्ज करून तसंच पेटवलं असतं तर धुराला वाट कमी पडली असती. भाचा लगेच म्हणाला, "जाळी ठोकून देऊ." मी नको म्हटलं. कंपनीनं दिलेली नसेल तर जाळीही धूर अडवू शकते. नळीच्या तोंडाशी काजळी दिसली, तरी फर्नेस चालवू नका, जाणकाराला दाखवा.

गॅसगळतीचं गणित वेगळं. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, तो खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असतं. डास येतात म्हणून त्यात चिंधी कोंबू नका. गॅसचा अलार्म जमिनीलगत, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ. जोड तपासायचे ते साबणाच्या फेसानं, काडी ओढून नव्हे. वास आला तर वाल्व्ह बंद, दारं उघडी, एकही बटन दाबू नका, आणि गाडीपासून दूर जाऊन 1906 वर कळवा. गाडी चालू करण्याआधी आणि पेट्रोल पंपावर शिरण्याआधी सिलिंडर बंदच.

आता भाच्याला लडाख गाठायचंय. आपल्या घरगुती सिलिंडरात प्रोपेनसोबत ब्युटेनही असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे 42 पर्यंत टिकतो. नागपुरात पेटलेली फर्नेस तिथे रुसू शकते, आणि प्रोपेनसाठी बनलेल्या यंत्राला ते मिश्रण चालतं का, हे आधी पुस्तिकेत पाहावं लागेल. ती पुस्तिका त्याच्या बायकोनं डब्यांच्या कपाटात अस्तर म्हणून घातली होती. परवा तेलकट डागांसकट बाहेर काढलीय.